गारगोटीचा वास

छोटे,

काल फोन ठेवता ठेवता तू जे विचारलंस, ते रात्री अंथरुणावर पडल्यावरही डोक्यातून जाईना. "ताई, माझी मैत्रीण फ्रान्सहून वाइनच्या दोन बाटल्या घेऊन आलीय. एक बोर्दोची, एक बर्गंडीची, दोन्ही लाल. रविवारी दोघी मिळून चाखून बघू म्हणते. मला त्यातलं काहीच कळत नाही गं. जाऊ का?" हे विचारताना तुझा आवाज इतका बारीक झाला होता की पुण्यात बसून तुला वाशीमच्या घरातली आई दिसत असणार.

आई आत्ता बालाजीच्या देवळात गेलीय. घरात मी एकटी आहे. तेव्हा निवांत सांगते.

बोर्दो हे नाव आपल्या घरात तुझ्या जन्माआधीपासून आहे. आठवतं, पावसाळा तोंडावर आला की बाबा संत्र्याच्या बुंध्यांना निळसर लेप लावायचे? एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळ्या बादलीत, चुना वेगळ्या बादलीत, आणि दोन्ही एकत्र ओतताना मी काठीनं ढवळायची. तू लहान होतीस, तुला जवळ येऊ द्यायचे नाहीत. त्या लेपाला बाबा 'बोर्डो' म्हणायचे. ते नाव त्याच गावाचं. तिथल्या विद्यापीठात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८८२ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींची पानं हिरवीगार राहिलीत आणि आतल्या वेलींची केवडा रोगानं झडलीत. चौकशी केली तर कळलं, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकानं कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्यातून १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आलं आणि फिरत फिरत आपल्या संत्र्यांपर्यंत पोचलं. त्यामुळे त्या बाटलीपुढे बसताना परक्या दारात उभी असल्यासारखी अंग चोरून बसू नकोस.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. मीसुद्धा हे केलंय. गेल्या वर्षी मार्चात मी नाशिकला मैत्रिणीकडे चार दिवस गेले होते ना, तेव्हा. माझी ती कारंज्याची मैत्रीण, जिच्यासोबत मी बी.ए. केलं. शेलू बाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढले ते थेट सिन्नरकडे उतरले. तिच्या ऑफिसनं तिला कामासाठी फ्रान्सला पाठवलं होतं. येताना तिनं दोन बाटल्या आणल्या होत्या, विमानानं येणाऱ्याला दोन लिटरपर्यंतच करमुक्त आणता येतं म्हणून दोनच. एक सांसेर, एक वूव्रे. दोन्ही ल्वार नदीच्या काठच्या, दोन्ही पांढऱ्या वाइन.

बाटलीवर द्राक्षाच्या जातीचं नाव नव्हतं. मी उलटसुलट करून पाहिलं. मैत्रीण म्हणाली, तिकडे बहुतेक ठिकाणी गावाचं किंवा परगण्याचंच नाव छापतात, जात ज्यानं त्यानं ओळखायची. मला ते लगेच पटलं. आपण बाजारात 'नागपुरी संत्री द्या' म्हणतो, झाडाची जात कुठे विचारतो? सांसेरची पांढरी वाइन म्हणजे सोविन्यॉ ब्लां, वूव्रे म्हणजे शेनिन ब्लां. आणि गंमत अशी, की ह्याच दोन जाती नाशिकच्या डोंगरउतारांवर आहेत. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला ही वाइन कंपनी सुरू केली, त्यासाठी त्यांनी आधी ह्याच जाती लावल्या होत्या. (त्याआधी ऐंशीच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन केली होती, पण ती गोष्ट वेगळी.) म्हणून मैत्रिणीनं नाशिकच्या दोन बाटल्या विकत आणल्या. एक सोविन्यॉ, एक शेनिन. जोडीला जोडी. तूही रविवारी जाताना नाशिकची एक तांबडी बाटली घेऊन जा, शिराझ चालेल. शेजारी दुसरं काही असलं की जिभेला फरक सापडतो.

दुपारी आम्ही एक मळा पाहून आलो. तिथल्या माणसानं सांगितलेलं तुला सांगते, कारण मला ते फार आवडलं. फ्रान्समधली वेल थंडीत झोपते, पानं गाळून काडी होते, वसंतात उठते आणि सप्टेंबरच्या आगेमागे तिची द्राक्षं तोडतात. आपल्याकडे वेलीला झोपायला थंडीच नाही. म्हणून माणूस तिला वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, फळ यावं म्हणून. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी. ल्वार सत्तेचाळीस अंशांवर, नाशिक विसाव्या अंशावर. जात तीच, पण एकीचं लहानपण बर्फाळ वाऱ्यात गेलेलं, दुसरीचं आपल्यासारखं उन्हात. चवीत फरक पडायचाच.

रात्री तिनं चारही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर रबर लावलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मग मी आत जाऊन त्यांची जागा बदलली, ती बाहेर. म्हणजे दोघींनाही कुठली कुठे ते कळू नये. हे तुम्हीही करा, छोटे. २००१ मध्ये बोर्दोलाच केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या चोपन्न विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी नाकाला फसवलं. १९७६ च्या मे महिन्यात पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनीच नावं झाकून चव घेतली, तेव्हा पांढऱ्यातही आणि लालमध्येही कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. बाटलीवर 'फ्रान्स' वाचलंस की तुझी जीभ नमस्कार करून मोकळी होईल. तसं होऊ देऊ नकोस.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. आधी लिहायचं, मग बोलायचं. एक जण 'अननस' म्हणाली की दुसरीला अननसच लागतो. आम्ही दोघी पाठीला पाठ लावून बसलो, मांडीवर वही. ग्लासात दोन-तीन घोट, त्याहून जास्त नाही. ग्लास हलकेच फिरवायचा, नाक आत घालायचं, मग छोटा घोट, थोडी हवा आत ओढून तो तोंडभर खेळवायचा. आणि मग थांबायचं. घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजायचं.

पहिल्यांदा वही कोरीच राहिली. मला ते सगळे शब्द ठाऊक नव्हते, जे अशा बाटल्यांच्या मागे छापलेले असतात. गूजबेरी, क्विन्स, हनीसकल. मी ह्यातलं काही आयुष्यात हुंगलेलं नाही. पाच मिनिटं मी तशीच बसले. मग मला राजशेखर आठवला.

हसू नकोस, मी वीस वर्षं काव्यशास्त्र शिकवतेय. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखरानं 'काव्यमीमांसा' लिहिली. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न त्यानं लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आपल्या वाशीममध्ये. हे मी तुला लहानपणापासून सांगत आलेय. पण त्याच ग्रंथात त्यानं कवितेच्या पिकलेपणाचे, म्हणजे पाकाचे, नऊ प्रकार सांगितलेत, आणि ते सगळे चवीवरून. आरंभी कसं लागतं आणि शेवटी कसं लागतं, एवढाच हिशेब. कडुनिंब आरंभीही बेचव, शेवटीही बेचव. बोर आरंभी बेचव, शेवटी मध्यम. द्राक्ष आरंभी बेचव, शेवटी गोड. वांगं आरंभी मध्यम, शेवटी बेचव. चिंच दोन्हीकडे मध्यम. आंबा आरंभी मध्यम, शेवटी गोड. सुपारी आरंभी छान, शेवटी बेचव. काकडी आरंभी छान, शेवटी मध्यम. नारळ दोन्हीकडे छान. निंब, वांगं, सुपारी टाकून द्या म्हणतो. बोर, चिंच, काकडी यांच्यावर संस्कार करा म्हणतो. द्राक्ष, आंबा, नारळ घ्या म्हणतो.

मी वहीत चार रकाने आखले. आरंभ, शेवट, वास, पाक. आणि एकदम मोकळी झाले.

पहिल्या ग्लासात वास भसकन आला. पेरू, तोही अर्धा पिकलेला, आणि नुकतं कापलेलं गवत. तोंडात गेल्यावर आंबट, ताजं, छान. पण लवकर संपलं. लिहिलं, 'काकडी'. दुसऱ्या ग्लासात आधी काहीच नाही. आंबट पाणी वाटलं. मी ग्लास खाली ठेवणार, तेवढ्यात एक वास आला जो मी ओळखत होते पण नाव सापडेना. डोळे मिटले. आणि आपल्या शेताचा बांध दिसला. दिवे गेलेल्या रात्री आपण पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासायचो, ठिणगी पडायची, आणि मग दगडाला जळका वास यायचा, तू नाक मुरडून पुन्हा पुन्हा हुंगायचीस. तोच वास. मी लिहिलं, 'गारगोटी'. आणि मग ती चव वाढतच गेली, घोट गेल्यावरही. आरंभी बेचव, शेवटी गोड. म्हणजे राजशेखराचा द्राक्षपाक.

वह्या उघडल्या. मैत्रिणीनं माझं 'गारगोटी' वाचलं आणि ती गप्पच झाली. सांसेरच्या बाजूला चकमकीच्या दगडांची जमीन आहे, आणि तिथले लोक ह्या वासाला बंदुकीच्या चकमकीचा दगड म्हणतात, असं तिला तिकडे सांगितलं होतं. तिला तो वास मिळालाच नव्हता. छोटे, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. सातासमुद्रापलीकडच्या शेतकऱ्याला आणि मला, वाशीमच्या शेतातल्या मुलीला, एकाच वासासाठी एकच दगड सापडला. ते गूजबेरी-बिजबेरी मला येत नव्हतं म्हणून मी पाच मिनिटं स्वतःला अडाणी समजत होते, त्याचं वाईट वाटलं.

म्हणून तुला सांगते, तुझ्या मैत्रिणीपुढे वहीत टेंभरं लिही, कवठ लिही, बिब्याचं फूल लिही, पहिल्या पावसानंतरची काळी माती लिही. लाल वाइनचा तर आपल्या जिभेला सरावच आहे. द्राक्षाच्या साली-बियांतून जे तुरटपण येतं ना, जीभ आवळून धरणारं, ते तुला पहिल्याच घोटात कळेल. तुरट ही चव आपल्याकडे सहा रसांत मोजलेली आहे. जांभूळ, आवळा, डाळिंबाची साल खाऊन वाढलेल्या मुलीला ती वेगळी शिकवायला नको. बोर्दो बहुधा जास्त तुरट लागेल. तिथे कॅबरने सोविन्यॉ आणि मेर्लो अशा जाती एकमेकींत मिसळतात. बर्गंडीची लाल वाइन बहुतेक एकट्या पिनो न्वारची. तिची साल पातळ, म्हणून रंगही फिका, तुरटपणाही कमी. फिकी दिसली म्हणून तिला कमी लेखू नकोस. आणि तू नेलेल्या शिराझमध्ये काळ्या मिरीचा वास आला तर बिनधास्त लिही. ती कल्पना नाही. मिरीला जो वास येतो त्याचाच रेणू शिराझच्या द्राक्षात असतो, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २००८ मध्ये शोधून दाखवला.

लाल वाइन घरातल्या हवेच्या तापमानाला प्यावी म्हणतात, ती हवा युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मग काढा, नाहीतर नुसता अल्कोहोलचा भपका येईल. सोबत ठेचा, झणझणीत रस्सा नको. तिखटानं तुरटपणाही बोचतो आणि घशात जाळ होतो. साधी पोळी, थोडं पनीर, खारे दाणे पुरे. मी नाशिकला हौसेनं पाटोडीचा रस्सा केला होता, तो आम्ही चाखणं संपल्यावर जेवलो.

आता त्या रात्रीचं दुसरं पान. शेनिनची जोडी. एका ग्लासात अननस, गोडसर, मोकळं, हसरं. मला आवडलं. दुसऱ्यात मध, पण त्यामागे पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास. मी लिहिलं, 'घोंगडी. नको.' वर्तमानपत्र काढलं तर ती वूव्रे निघाली. मैत्रिणीनं सुटकेसमध्ये स्वेटरात गुंडाळून, माझ्यासाठी म्हणून आणलेली. तिचा चेहरा उतरला. "तुला नाशिकची आवडली?" एवढंच म्हणाली. मला वाटलं, आत्ता 'तशी छानच आहे गं' म्हणून टाकावं. कॉलेजपासूनची मैत्री आहे. पण मग ते वह्या आणि पाठीला पाठ कशासाठी? मी म्हटलं, "हो, मला ही नाही आवडली. तू आणलीस हे मात्र मी विसरणार नाही." ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी जरा जोरात वाजली. मी रस्सा गरम केला. जेवताना आम्ही दोघी फारसं बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं फ्रीजमधून उरलेली वूव्रे काढली, पुन्हा दोन घोट ओतले. काही न बोलता. मी हुंगलं तर घोंगडी नव्हती. हवा लागून रात्रभरात ती वाइन उमलली होती. मध, पिकलेलं कवठ, आणि शेवटी पुन्हा आंबटपणा, म्हणजे गोडाचा चिकटपणा नाही. मी वहीतली कालची ओळ तशीच ठेवली आणि खाली नवी लिहिली. ती वाकून वाचत होती. मग तिनंही कबूल केलं, की काल तिनं नाशिकच्या सोविन्यॉला फ्रेंच समजून सगळ्यात जास्त गुण दिले होते आणि मला वही दाखवताना ते पान झाकलं होतं. तेव्हा कुठे आम्ही दोघी हसलो. राजशेखराची बायको अवंतिसुंदरीही पाकाच्या बाबतीत जुन्या आचार्यांचं मत मान्य करत नाही, आणि त्यानं तिचं म्हणणं तिच्या नावानिशी ग्रंथात नोंदवलंय. मतभेद लिहून ठेवला की तो टोचत नाही, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. तुझी मैत्रीण कशी आहे मला ठाऊक नाही. पण तिला आवडावं म्हणून खोटं बोलू नकोस, आणि तिच्यावर मात करायची म्हणूनही बोलू नकोस.

आता आत्याबद्दल. तिचं नाव काढल्याशिवाय मला हे पत्र पुरं करता येणार नाही.

आपल्या घरात दारू हा शब्द मोठ्यानं का उच्चारत नाहीत, हे तुला अर्धवटच माहीत आहे. आत्याच्या घरी काय काय गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी पाटल्या, मग दोन एकर, मग ती स्वतः माहेरी आली ती एका पिशवीनिशी. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं ना, त्या आडव्या बाटलीसाठी ती उन्हातान्हात दारोदार फिरलीय. तिच्यापुढे मी नाशिकची वही उघडून 'द्राक्षपाक' सांगू शकत नाही. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असं बरेच जण म्हणत होते. मी तसं म्हणणार नाही. बारा-चौदा टक्के अल्कोहोल त्यातही असतं आणि शरीर बाटलीवरचं नाव वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलची कुठलीच मात्रा निर्धोक नाही. आपल्या बायकांच्या अंगात पाण्याचा अंश पुरुषांपेक्षा कमी, त्यामुळे तेवढ्याच घोटानं रक्तात जास्त चढतं.

म्हणून मी काय केलं ते ऐक. शेजारी एक स्टीलचा गडवा ठेवला आणि घोट तोंडात खेळवून त्यात थुंकले. मैत्रिणीला आधी कसंसंच वाटलं. पण ह्या व्यवसायातले लोक दिवसाला कित्येक वाइन चाखतात त्या अशाच, थुंकून. त्यांची नाकं त्यामुळेच शुद्धीवर राहतात. गडवा तू मागून घे, लाजू नकोस. पोटात काहीतरी घालून जा. पाण्याचा तांब्या जवळ ठेव. रात्री गाडी चालवायची नाही, तिच्याकडेच झोप. आणि बाटल्या संपवायच्याच असा आग्रह झाला, किंवा तिथे तिसरं कोणी येऊन ग्लास भरू लागलं, तर मला फोन कर. मी "आईला बरं नाही, लगेच बोल" म्हणेन, तू उठून बाहेर ये. हे ठरलं.

अजिबात जाऊ नये असं वाटलं तरी ते तितकंच खरं. त्यासाठी कारण देत बसू नकोस. नुसतं हुंगून लिहिलंस तरी अर्धं चाखणं नाकानंच होतं.

आईला मी सांगेन, तू नको सांगूस. आत्यालाही मीच सांगेन, पण आधी नाशिकची माझी गोष्ट, मग तुझी. बहुतेक ती रागावेल. रागावू दे, तिचा अधिकार आहे. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. आणि बांधावरच्या दोन गारगोट्या मी आजच उचलून आणल्यात, रविवारच्या आत कुरियरनं पोचतील. बाटली उघडण्याआधी एकदा घासून हुंग.

तुझी,
ताई